तिसऱ्या प्रकरणातली चूक

दुपारी समोरच्या फ्लॅटची बेल वाजली आणि कडुबा पांढरे सरांनी आपलं दार उघडलं. पुंडलिकनगरातल्या या इमारतीत दोन दारं इतकी लागून आहेत की बेल कुणाची वाजली हे दार उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. समोर तात्यासाहेब बनियनवर उभे होते. त्यांच्या मंडळी माहेरी गेल्या की तात्यासाहेब बाहेरून मटणाचा नान-खलिया मागवतात. ही गोष्ट सगळ्या जिन्याला ठाऊक आहे, फक्त मंडळींना नाही. जेवण घेऊन आलेला माणूस सरांकडे पाठ करून उभा होता. डोक्यावर हेल्मेट, खांद्याला चौकोनी पिशवी, अंगात कंपनीचा ढगळ टी-शर्ट. तात्यासाहेब मोबाईल हातभर लांब धरून आकडे शोधत होते. "कोणता नंबर म्हणतोस बाबा तू? हितं तर मेसेजची जत्रा भरलीय." "चार अंक का है अंकल, सबसे ऊपर," तो माणूस म्हणाला, आणि दार लावून घेणारे सर तिथंच थांबले. हा आवाज सात वर्षं दर रविवारी त्यांच्या घरात ऐकू यायचा. माणूस वळला, हेल्मेटची काच वर होती, डोळ्याला डोळा भिडला. सरांचा पीएच.डी.चा विद्यार्थी आदम एरवी छातीवर हात ठेवून 'सलाम सर' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. आज त्याने सरांकडे, अनोळखी माणूस जिन्यात दिसला तर बघावं, तसं बघितलं आणि खाली उतरून गेला. "आफ्रिकेचं पोरगं दिसतंय," तात्यासाहेब पुडा हुंगत म्हणाले, "लई लांबून आलं म्हणायचं आपलं जेवण." सरांनी काहीतरी हसल्यासारखं केलं आणि दार लावून घेतलं.

आत टेबलावर आदमचाच प्रबंध पडला होता. गरीब देशांतली यादवी युद्धं आणि त्यांचा विकास, असा विषय. सकाळपासून सर तिसरं प्रकरण वाचत होते, म्हणजे वाचल्यासारखं करत होते, कारण ते प्रकरण त्यांना आता झोपेतही म्हणून दाखवता आलं असतं. या प्रकरणात आदमने एक साधी गोष्ट मांडली होती. देश गरीब असला की तिथल्या तरुण पोराच्या दिवसाला किंमत नसते. शेतात राबून, हमाली करून त्याला जे मिळतं ते इतकं थोडं असतं की कुणी बंदूक हातात देऊन त्याच्यापेक्षा चार घास जास्त दिले तर तो जातो. मग युद्ध होतं, रस्ते जातात, बाजार जातो, शाळा जाते, आणि पोराच्या दिवसाची किंमत आणखी उतरते. म्हणजे पुढचं युद्ध आणखी स्वस्तात पडतं. सर वर्गात हे फळ्यावर गोल काढून शिकवायचे, बाणाला बाण जोडून. मागच्या बाकावरची पोरं त्या गोलाचा फोटो काढून घ्यायची आणि विसरून जायची. सरांना पोरांचा राग यायचा नाही, त्यांना कशाचाच फारसा राग यायचा नाही हल्ली. पण आत्ता त्या पानावर नजर ठेवून ते विचार करत होते, की आदमच्या दिवसाची या शहरात काय किंमत झाली असेल. परदेशी विद्यार्थ्याला काम करायची परवानगी नसते. म्हणजे कुण्या दोस्ताच्या नावावर तो गाडी फिरवत असणार. कधीपासून? गेल्या रविवारी तो इथंच, या खुर्चीत बसून भाकरी-पिठलं जेवला होता आणि सरांच्या बायकोने, संध्याने, नेहमीप्रमाणे विचारलं होतं, "आई कशी आहे रे?" आणि तो नेहमीप्रमाणे म्हणाला होता, "ठीक है, काकू."

आदम पहिल्यांदा आला तेव्हा विद्यापीठात परदेशी पोरं पुष्कळ होती. येमेनची, सोमालियाची, सुदानची. इतर गाईड त्यांना टाळायचे, इंग्रजीचा वांधा, पोलिसांकडच्या चकरा, कोण निस्तरणार. सरांनी आदमला घेतलं ते त्याच्या एका वाक्यामुळे. गाव कुठलं विचारलं तर तो म्हणाला होता की सुदानात, चाडच्या सरहद्दीजवळ, आमची शेती आहे, आणि पीक निघालं की उंटवाले, गाईवाले आमच्या रानात जनावरं बसवायचे. सर खुर्चीत सरळ बसले होते. बसवायचे? हा शब्द त्यांनी तीस वर्षांत कुठल्याच अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचला नव्हता. त्यांचे वडील सखाराम मेंढरं घेऊन दौलताबादपासून शेंद्र्यापर्यंतची माळरानं पायाखाली घालायचे. दिवाळीनंतर शेतकरी बोलवायचे, "सखाराम, औंदा आमच्या वावरात बसव." रात्रभर मेंढरं रानात बसली की खत पडायचं, सकाळी धान्य मिळायचं. कधी मेंढरं उभ्या पिकात शिरायची, मग काठ्या निघायच्या. एकदा सखारामांचं डोकं फुटलं होतं आणि आईने चुलीतली राख दाबून रक्त थांबवलं होतं. कडुबा तेव्हा मेंढरांमागे पळायच्या वयाचा होता. बापाचं फुटलेलं डोकं बघून त्याला वाटलं होतं, आता मोठं होऊन त्या शेतकऱ्याला मारायचं. पुढच्या दिवाळीला तोच शेतकरी खत मागायला आला, आणि सखाराम गेले. त्याला खत हवं होतं, ह्यांना ज्वारी. भांडण पुढे न्यायला कुणालाच परवडत नव्हतं.

"मतलब आप हमारे दुश्मन निकले, सर," आदम तेव्हा हसत म्हणाला होता. "हम खेतवाले, आप जानवरवाले." आणि सरही हसले होते. पहिल्या वर्षी हसण्यासारखं बरंच होतं. आदम शहराला सरावला, रिक्षावाल्यांशी घासाघीस करायला शिकला, 'नक्को' आणि 'हौ' म्हणायला लागला, संध्याच्या हाताखाली भाकरी थापायचा प्रयत्न करून झाला. एका रविवारी त्याने विचारलं की सर, तुमच्याकडे पण तेच रान, तेच भांडण, तीच गरिबी, मग तुमच्याकडे युद्ध का नाही झालं? सरांनी पुस्तकी उत्तर दिलं. निवडणुका, कोर्ट, पंचायत, संस्था. आदमने ते लिहून घेतलं आणि मग जरा वेळाने म्हणाला, "मेरे को लगता है सर, आपके इधर फॅक्टरी आई और हमारे उधर बंदूक आई. पगार तो दोनों में मिलता था." खरंच होतं ते. रासायनिक खत आल्यावर मेंढरं बसवायचं बंद झालं, माळ औद्योगिक वसाहतीत गेला, आणि सरांचे चुलतभाऊ काठ्या टाकून शेंद्र्याच्या गेटवर गणवेश घालून उभे राहिले. आज ते कुरकुरतात, ठेकेदाराला शिव्या देतात, पोरांना कायम करत नाहीत म्हणून मोर्चे काढतात, पण संध्याकाळी घरी येतात. आदमच्या गावात जनावरवाल्यांच्या पोरांना कुणीतरी गाड्या दिल्या, हत्यारं दिली, आणि महिन्याच्या महिन्याला पैसे दिले. हेच तिसरं प्रकरण. त्या प्रकरणात सरांचे चुलतभाऊ आहेत हे बाहेरच्या परीक्षकाला कधीच कळणार नाही.

दोन-अडीच वर्षांपूर्वी, एप्रिलच्या उन्हात, आदम पूर्ण झालेला प्रबंध आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. फक्त सरांची सही राहिली होती. सही झाली की प्रबंध जमा होणार, मग तोंडी परीक्षा, मग पदवी, आणि पदवी मिळाली की शिक्षणाचा व्हिसा संपला, घरी जा. त्याच आठवड्यात टीव्हीवर सुदानची राजधानी खार्तुम जळताना दिसायला लागलं होतं. संध्या आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायची. आदमच्या बाजूला युद्ध अजून पोचलं नव्हतं, पण पोचणार हे आदमच्याच प्रबंधात लिहिलेलं होतं. सरांनी पेन उघडलं, पहिलं पान काढलं, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "तिसरं प्रकरण कच्चं आहे रे." ठरवून नाही म्हणाले. तोंडच म्हणालं. आदमचा चेहरा पडला. त्याने पेढ्यांचा पुडा तसाच टेबलावर ठेवला आणि विचारलं, कहाँ कच्चा है? सरांनी सांगितलं, आकडेवारी जुनी आहे, ताजी घाल. तो ताजी घालून आला. मग सरांनी संदर्भ कमी आहेत म्हटलं. मग पद्धत बदल म्हटलं, मग बदललेली पद्धत पटत नाही, पहिलीच बरी होती म्हटलं. जूनमध्ये त्याचं गाव जळालं. आई पायी चालत सरहद्द ओलांडून चाडच्या छावणीत पोचली, आणि त्या रविवारी आदम आला तेव्हा सरांना मनातल्या मनात केवढं मोठं समाधान वाटलं होतं. आपण सही केली असती तर पोरगं आज त्यात असतं. हे समाधान त्यांनी कुणाला सांगितलं नाही. संध्याला मात्र कळलं होतं. ती एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "चांगलंच केलंत. असू द्या अजून इथं." तेवढंच.

हे सगळं करताना सरांना आपल्या आईची आठवण यायची, आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला शोभत नाही म्हणून ते ती बाजूला सारायचे. त्या बानाबाईची आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली होती. तिसरं झालं तेव्हा तिने ते उकिरड्यावर नेऊन ठेवलं, दुसऱ्या बाईने उचललं, आणि आईने पसाभर कोंडा देऊन तिच्याकडून परत विकत घेतलं. नाव कडू ठेवलं. "कडू म्हनल्यावर कोन तोंड लावतंय?" ती म्हणायची. "गोड पोरांवरच नजर जाते त्याची." त्याची म्हणजे कुणाची हे तिने कधी सांगितलं नाही. कॉलेजात असताना कडुबाला या नावाची लाज वाटायची, सहीत तो नुसतं 'के.' लिहायचा. नावामुळे आपण जगलो यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. आणि तरी साठीला टेकलेल्या या माणसाने एका चांगल्या प्रबंधाला वाईट ठरवून ठेवलं होतं, कुणाची तरी नजर त्याच्यावर जाऊ नये म्हणून. दर सहा महिन्यांनी 'समाधानकारक नाही' असा शेरा मारायचा आणि वर मुदतवाढीची शिफारस करायची. विभागात लोक म्हणायचे, पांढरे सर फार कडक आहेत बुवा. सर ऐकून घ्यायचे.

पण चौकोनी पिशवी खांद्याला लावून जिना उतरणारा आदम डोळ्यांपुढून हलेना. सर उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. बाहेर कुणी तरी कुकर लावला होता, शिट्ट्या होत होत्या. आपण काय वाचवून ठेवलंय नक्की? पस्तिशीचा माणूस, लग्न नाही, घर नाही, शिष्यवृत्ती केव्हाच संपलेली, उघड्यावर पोलिसाच्या नजरेला नजर न देता लोकांचं जेवण पोचवतोय. इतकी वर्षं पुढे शिकून त्याच्या दिवसाची किंमत तात्यासाहेबांच्या खलियाइतकीसुद्धा उरली नाही. बंदूक हातात आली नाही हे खरं. पण सरांनी त्याचा दिवस स्वस्त करायचं काम तर केलंच होतं, रोज थोडं थोडं, लाल शाईने. हे लक्षात आल्यावर त्यांना अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं वाटलं. अपराधी म्हणावं तर तेवढं जोरकस काही नव्हतं, नुसता थकवा होता, फार चाललं की पिंढऱ्यांत उतरतो तसला. उन्हं कलली तेव्हा त्यांनी प्रबंधाचं पहिलं पान उलटलं आणि मार्गदर्शकाच्या जागी सही केली. पूर्ण नाव लिहिलं, कडुबा सखाराम पांढरे. मग आदमला फोन केला. फोन वाजत राहिला. तिसऱ्यांदा लावल्यावर तो म्हणाला, "आता हूँ, सर."

तो दिवेलागणीला आला. टी-शर्ट बदलून, तोंड धुऊन. छातीवर हात ठेवून सलाम केला, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या. जिन्यातल्या गोष्टीचा विषय त्याने काढला नाही, सरांनीही नाही. संध्या पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "किती वाळलास रे." तो खुर्चीच्या कडेवर बसला. सरांनी प्रबंध त्याच्याकडे सरकवला आणि पहिलं पान उघडून दाखवलं. आदम त्या सहीकडे बघत राहिला. सरांना वाटलं होतं त्याला आनंद होईल, निदान सुटल्यासारखं तरी होईल. त्याने पान हळूच मिटवलं.

"सर, ये अभी नक्को," तो म्हणाला.

"का?"

"जमा किया तो व्हिसा जाएगा. जाऊँ किधर?" मग खाली बघत तो म्हणाला, "पिछली सर्दी में चाहिए था. तब बहुत चाहिए था."

आणि मग त्याने सांगितलं, अगदी सपाट आवाजात, दुसऱ्याची हकिकत सांगावी तसं. मागच्या हिवाळ्यात युगांडातल्या एका कॉलेजने त्याला बोलावलं होतं. शिकवायची नोकरी, राहायला जागा, घरच्यांना आणायची मुभा. त्यांना पदवी हवी होती, निदान प्रबंध जमा केल्याचा कागद. त्याने त्यांच्याकडून वेळ मागून घेतला. एकदा मागितला, दुसऱ्यांदा मागितला. मग त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलं. आईला तिथं आणायचं ठरलं होतं. ती छावणीत सामान बांधून बसली होती, सामान म्हणजे काय, एक चटई आणि एक भांडं. पावसाळ्यात छावणीत हगवणीची साथ आली, त्यात ती गेली.

"कोणत्या पावसाळ्यात?" संध्याने दारातूनच विचारलं.

"अभी वाले में, काकू."

संध्या तिथंच खाली बसली. तिने दर रविवारी विचारलं होतं आणि दर रविवारी त्याने ठीक है म्हटलं होतं. "अरे, आम्हाला सांगायचं नाही होय," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. सरांना वाटलं आपण काहीतरी बोलायला हवं, पण त्यांचं सगळं लक्ष एका गोष्टीवर अडकलं होतं.

"कॉलेजचं मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. "मी त्याच दिवशी सही केली असती."

आदमने मान वर केली. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "चॅप्टर कच्चा था ना, सर. कच्चा चॅप्टर पे आपकी सही कैसे माँगूँ? मैं बोला, पहले ठीक करूँगा, फिर माँगूँगा." मग जरा थांबून तो म्हणाला, "लई मेहनत किया, सर. मेरे से नहीं हुआ. मैं समझ गया मेरे को उतना नहीं आता. कोई बात नहीं. आप और एक साल का गलती निकाल दो. गलती रहेगी तो मैं इधर रहूँगा. मैं करता रहूँगा."

तो मागत होता ते सर इतकी वर्षं न मागता देत आले होते. एक शेरा लिहायचा होता, सही खोडायची होती, पोरगं आणखी एक वर्ष छपराखाली राहिलं असतं. त्याने स्वतः हात पुढे केला होता. सरांनी पेन उचललं सुद्धा. पण समोर बसलेला हा माणूस स्वतःला ढ समजत होता. आपल्याला येत नाही, आपल्यामुळे आई वाट बघत मेली, अशी समजूत करून घेऊन तो त्यांच्याच घरात, त्यांच्याच भाकरीवर जगत होता. हे सरांना सहन होईना. इतक्या वर्षांत काही सहन न होणं हीच त्यांना नवी गोष्ट होती.

"आदम, तुझं तिसरं प्रकरण कच्चं नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हतं. तू पेढे घेऊन आलास ना, त्या दिवशीही ते इतकंच चांगलं होतं. मी मुद्दाम अडवलं. तू तिकडं जाऊ नयेस म्हणून."

स्वयंपाकघरात दूध उतू जायला लागल्याचा वास आला आणि संध्या उठली नाही. आदम सरांकडे बघत होता. रागावला असता तर बरं झालं असतं, सर त्यासाठी तयार होते, किंवा तयार आहोत असं त्यांना वाटत होतं. "उस दिन भी ठीक था?" त्याने विचारलं. "हो." "पूरा?" "पूर्ण." आदमचे ओठ हलले, बहुधा तो त्याच्या भाषेत काही म्हणाला. "फिर अम्मी," एवढं त्याने म्हटलं आणि वाक्य सोडून दिलं. मग तो उठला. प्रबंध दोन्ही हातांनी उचलला, सहीचं पान वर आहे ना हे बघितलं, आणि छातीशी धरला. "सोमवार को जमा करता हूँ, सर."

"अरे पण तू जाणार कुठं?" संध्या म्हणाली. "अहो, तुम्ही सांगा ना त्याला काहीतरी. जेवून तरी जा."

त्याने वाकून काकूंच्या पायाला हात लावला. सरांच्याही लावला, त्यात काही उणं नव्हतं, नेहमीसारखाच वाकला. चपला घातल्या आणि जिना उतरायला लागला. सर दारात उभे होते. समोर तात्यासाहेबांच्या घरात टीव्ही मोठ्याने चालू होता. आपण आयुष्यात कधी नव्हे ते खरं बोललो, आणि नेमकं आजच बोललो, हे सरांना कळत होतं. आणखी दोन वळणं, की तो रस्त्यावर जाणार, सोमवारी विद्यापीठात, आणि मग कुठल्या तरी विमानात. ते धावत कठड्यापाशी गेले.

"आदम, थांब. तिसऱ्या प्रकरणात एक चूक राहिलीय."

खालच्या वळणावर पावलं थांबली. आदमने प्रबंध तसाच छातीशी धरून वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं. ती आशा होती. सरांना ती स्वच्छ दिसली.

"कुठं, सर?" त्याने मराठीत विचारलं.

कठडा धरून सर उभे राहिले. त्यांनी पहिल्या पानापासून सगळं प्रकरण डोळ्यांपुढे आणलं, एकेक तक्ता, एकेक ओळ. सांगायला त्यांना काही सापडेना.